मुखपृष्ठावर कोण, पायाशी कोण?

जुन्या कॉमिक्सचे दिवस परत आले आहेत. एके काळी रद्दीच्या दुकानात किलोच्या भावाने गेलेल्या चित्रकथा आज गुळगुळीत कागदावर, जाड पुठ्ठ्यात पुन्हा छापल्या जात आहेत. फँटमच्या जुन्या कथा इंग्रजी-हिंदीतून नव्याने निघत आहेत. नागराजचे अंक संग्रहाच्या रूपाने विकले जात आहेत. सुपरमॅन-बॅटमॅनची जुनी मुखपृष्ठे तर बनियनपासून भिंतीवरच्या चित्रापर्यंत सगळीकडे पोहोचली आहेत. बारामतीच्या एमआयडीसीत कामाला जाणारी, इंदापूरहून एसटीने कॉलेजला येणारी आपली मुलेही ही मुखपृष्ठे मोबाईलवर एकमेकांना पाठवतात. यात वाईट काही नाही. पण एखादा वाचक आम्हाला विचारील की, चळवळीच्या दैनिकाने पोराटोरांच्या चित्रांची उठाठेव कशाला करावी? समाजापुढे प्रश्न काय कमी आहेत?

प्रश्न कमी नाहीत. पण ज्या समाजाला हजारो वर्षे अक्षर नाकारले गेले, त्या समाजाचे पहिले पुस्तक म्हणजे चित्र. आपल्या आजीने संविधान वाचले नाही. तिने निळ्या कोटातल्या बापाच्या हातातले पुस्तक पाहिले आणि नातवाला शाळेत घातले. शेड्युल्ड कास्ट्स फेडरेशनचा हत्ती ज्याने ओळखला, त्याला अक्षर येत होतेच असे नाही. चित्र माणसाला त्याची जागा दाखवते. वर कोण, खाली कोण, पुढे कोण, मागे कोण, हे मूल बाराखडीच्या आधी शिकते. म्हणून मुखपृष्ठ ही पोरखेळाची गोष्ट नाही.

आपल्या भागापुरते बोलायचे तर बारामती आणि इंदापूर हे दोन तालुके नीरा आणि भीमेच्या पाण्याचे. कालवा आला, ऊस आला, साखर कारखाने आले, उजनीचे पाणी आले. कॉमिक्स मात्र आली ती दौंड जंक्शनच्या आणि एसटी स्टँडच्या पुस्तकांच्या दुकानांतून. ती विकत घेणारी घरे वेगळी होती. आपल्या वस्तीत ती पोहोचायची चार घरे फिरून, आणि तोवर पहिले पान फाटलेले असायचे. आम्ही वेताळाच्या कितीतरी कथा मुखपृष्ठाशिवायच वाचल्या. आज पुनर्मुद्रणाच्या निमित्ताने ती मुखपृष्ठे पहिल्यांदा पूर्ण दिसत आहेत. पहिल्यांदा दिसत आहेत, तर नीट पाहिलीही पाहिजेत.

इंद्रजाल कॉमिक्स टाइम्स ऑफ इंडियाच्या मालकांनी, बेनेट कोलमन कंपनीने, मार्च १९६४ मध्ये सुरू केली. १९९० पर्यंत ती चालली आणि आठशेवर अंक निघाले. इंग्रजी-हिंदीबरोबर मराठीतही ती निघत. त्यांतला मोठा वाटा होता ली फॉक या अमेरिकन लेखकाच्या फँटमचा. हा फँटम अमेरिकेतल्या वृत्तपत्रांत १७ फेब्रुवारी १९३६ पासून येत होता. कथा बाहेरची असली तरी मुखपृष्ठे पुष्कळदा इथल्या चित्रकारांनी रंगवलेली असत. गोविंद ब्राह्मणिया हे त्यांतले मोठे नाव. घोड्यावर स्वार झालेला वीर, मागे पेटलेले आकाश, कवटीच्या गुहेचा हिरवट अंधार हे सारे हाताने रंगवलेले काम होते. त्यांच्या कुंचल्याला आमचा सलाम आहे. आमचा प्रश्न त्यांच्या कलेला नाही. त्या चित्रात ठरवून दिलेल्या जागांना आहे.

मराठीत या फँटमचे नाव ठेवले गेले वेताळ. वेताळ कोण? गावाच्या वेशीबाहेर, शेंदूर फासलेल्या दगडात राहणारा देव. आपली वस्तीही वेशीबाहेरचीच. म्हणजे वेशीबाहेरच्या देवाचे नाव सहज उचलून एका गोऱ्या वीराला दिले गेले. वेशीबाहेरच्या माणसाला मात्र त्या मुखपृष्ठावर नायकाची जागा मिळाली नाही.

आता ती कथा पाहा. १५३६ साली समुद्री चाच्यांनी जहाज बुडवले. एक गोरा माणूस वाचून किनाऱ्याला लागला. बांडार नावाच्या बुटक्या आदिवासींनी त्याला जगवले. त्याने कवटीवर हात ठेवून शपथ घेतली. पुढे एकवीस पिढ्या बापामागून लेक त्या जंगलावर देखरेख करीत राहिला. ज्यांनी जीव वाचवला ते चारशे वर्षे पहारेकरीच राहिले, आणि ज्याला वाचवले तो कवटीच्या सिंहासनावर बसला! पद पिढीजात, सेवाही पिढीजात. याला आपल्याकडे काय म्हणतात, हे आमच्या वाचकांना सांगायला नको. बाराबलुतेदारीत आणि महारवतनात हेच तर होते. फक्त इथे ते रंगीत होते आणि मुलांना आवडत होते.

कोणी म्हणेल, जुन्या काळची गोष्ट आहे, छापणाऱ्याने त्यात काय बदल करायचा? पण छापणाऱ्याने बदल केले होते! मूळ कथेत देशाचे नाव बंगालशी जुळणारे होते. इथल्या वाचकाला खटकू नये म्हणून इंद्रजालमध्ये ते ‘डेंकाली’ झाले. चाच्यांच्या टोळीचे नाव ‘सिंग’ होते, ते ‘सिंगा’ केले गेले. फँटमच्या बापाचा खून करणाऱ्याचे नाव ‘रामा’ होते, ते ‘रामालू’ झाले. म्हणजे संपादकाची लेखणी जागी होती. कोणाच्या भावना दुखावतील याचा हिशेब तिच्याजवळ होता. देवाचे नाव खलनायकाला नको, हे तिला सुचले. जंगलातला काळा माणूस चारशे वर्षे भाला घेऊन दाराशी का उभा आहे, हे मात्र तिला सुचले नाही. व्यवस्था अशी काम करते. तिला सगळे दिसत असते, फक्त तळाचा माणूस दिसत नाही.

ली फॉकच्याच मँड्रेकची गोष्ट निराळी नाही. १९३४ पासून चाललेल्या या कथेत लोथार हा आफ्रिकेतला राजपुत्र आहे. जगातला सर्वांत बलवान माणूस! पण आपले राज्य सोडून तो एका जादूगाराच्या मागे चालतो. पहिली तीस वर्षे त्याच्या अंगावर चित्त्याचे कातडे, डोक्यावर तुर्की टोपी आणि तोंडात मोडकीतोडकी भाषा होती. १९६५ मध्ये फ्रेड फ्रेडरिक्स हा नवा चित्रकार आला, तेव्हा लोथारच्या अंगावर धड कपडे आले आणि तो नीट बोलू लागला. त्या वर्षांत अमेरिकेत काळे लोक हक्कांसाठी रस्त्यावर होते, तुरुंगात जात होते. आधी माणसे रस्त्यावर उभी राहिली, मग कागदावरच्या माणसाचे कपडे बदलले. आपल्याकडे अंगावर पूर्ण कपडे घालण्यासाठी काय सोसावे लागले, ते जाणणाऱ्यांना लोथारच्या या कपड्यांचे मोल कळेल.

इंद्रजालने १९७६ मध्ये भारतीय नायकही दिला. आबिद सुरती यांचा ‘बहादूर’. डाकूचा मुलगा, अंगात भगवा कुर्ता आणि खाली जीन्स. गावकऱ्यांचे दल उभारून डाकूंशी लढणारा. गोविंद ब्राह्मणिया यांनीच तो चितारला. गोरा वीर जाऊन गावचा पोर आला, एवढे तरी झाले. पण गाव म्हणजे एकसंध कुटुंब, हा समज तसाच राहिला. संकट बाहेरून घोड्यावर बसून येते, असे चित्र. पाणवठ्यावर जो अडवतो, तो बाहेरचा डाकू नसतो, हे त्या काळच्या मुलांना कोणत्या मुखपृष्ठाने सांगितले?

आता एक गोष्ट सांगतो, ती पुनर्मुद्रणाचीच आहे. अमेरिकेतल्या मार्व्हल कंपनीने १९७२ मध्ये ‘जंगल ॲक्शन’ नावाचे मासिक काढले. त्यात १९५० च्या दशकातल्या जुन्या कथा पुन्हा छापल्या जात. आफ्रिकेच्या जंगलात गोरे वीर आणि गोऱ्या वीरांगना, भोवती काळी गर्दी. कंपनीत डॉन मॅकग्रेगर नावाचा एक तरुण मुद्रिते तपासण्याचे काम करीत होता. तो स्वतः गोरा. त्याने वरिष्ठांना विचारले की, आफ्रिकेतल्या कथेचा नायक आफ्रिकेचा का नाही? १९७३ मध्ये त्याच मासिकात ब्लॅक पँथर आला आणि सहाव्या अंकापासून त्याच्या नव्या कथा मॅकग्रेगरनेच लिहिल्या. पुढे बिली ग्रॅहॅम या काळ्या चित्रकाराने त्या चितारल्या. १९७६ मध्ये हा नायक कू क्लक्स क्लॅनशी लढताना दाखवला गेला. जुने छापणारे मासिकच नव्याचे दार झाले! मुद्रित तपासताना फक्त ऱ्हस्व-दीर्घ पाहायचे नसते, माणसांच्या जागाही पाहायच्या असतात.

पँथर या शब्दाचा प्रवासही आपल्या लोकांनी ध्यानात घ्यावा. ब्लॅक पँथर हा कॉमिक्सचा नायक पहिल्यांदा आला जुलै १९६६ च्या अंकात. ऑक्टोबर १९६६ मध्ये ओकलंडला ब्लॅक पँथर पक्ष स्थापन झाला. त्याने चिन्ह घेतले ते कॉमिक्समधून नव्हे, तर अलाबामा राज्यातल्या लाउंड्स परगण्याच्या काळ्या मतदारांच्या पक्षाकडून. तिथे मतपत्रिकेवर पक्षाचे चित्र लागत असे, कारण पुष्कळांना वाचता येत नव्हते. पुन्हा तीच गोष्ट: अक्षर नाकारलेल्यांचे पहिले अक्षर चित्रच! पक्षाचा दरारा वाढला तेव्हा कॉमिक्सवाले बिचकले. फेब्रुवारी १९७२ च्या अंकात त्यांनी आपल्या नायकाला काही काळापुरते ‘ब्लॅक लेपर्ड’ करून टाकले. आणि त्याच १९७२ साली मुंबईत नामदेव ढसाळ, ज. वि. पवार, राजा ढाले यांच्या पिढीने छाती पुढे करून नाव घेतले, दलित पँथर! ज्या नावाला कागदावरचा वीर कचरला, ते कामाठीपुऱ्याच्या आणि वडाळ्याच्या पोरांनी पेलले. ढसाळ आपल्याच पुणे जिल्ह्यातले, खेड तालुक्यातल्या पूर-कनेरसरचे. या पोरांना मुखवटा नव्हता, गुप्त गुहा नव्हती. पोलिसांची लाठी उघड्या डोक्यावर घ्यावी लागत होती.

आता आपल्या बाबासाहेबांच्या चित्रकथेकडे येऊ. अनंत पै यांनी १९६७ मध्ये अमर चित्र कथा सुरू केली. देव, राजे, ऋषी, पतिव्रता यांची रांग लागली. बाबासाहेबांवरचे पुस्तक निघायला १९७९ साल उजाडले. लेखन एस. एस. रेगे यांचे, चित्रे दिलीप कदम यांची. हे साल विसरू नका. जुलै १९७८ मध्ये विधिमंडळाने नामांतराचा ठराव केला होता, मराठवाड्यात आपल्या वस्त्या जाळल्या गेल्या होत्या. आणि १९७९ मध्येच महाराष्ट्र शासनाने वसंत मून यांच्या संपादनाखाली बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांचा पहिला खंड काढला. समाज रस्त्यावर उतरला आणि छापखान्यांना बाबासाहेब दिसले!

दिलीप कदम यांनी पुढे राज कॉमिक्सच्या ‘भोकाल’सारख्या वीरांची चित्रेही काढली. पुण्याचे प्रताप मुळीक यांनी १९८६ मध्ये नागराजला रूप दिले. म्हणजे देवांना, बाबासाहेबांना आणि सुपरहिरोंना कागदावर उतरवणारे हात अनेकदा तेच होते. त्यातून एक अडचण येते. सुपरहिरो एकटा असतो. लोक संकटात सापडतात, तो येतो, सोडवतो, निघून जातो. लोक टाळ्या वाजवतात. हाच साचा बाबासाहेबांच्या चित्राला लावला तर काय होईल? २० मार्च १९२७ रोजी महाडला चवदार तळ्यावर बाबासाहेब एकटे गेले नव्हते. हजारो माणसे रांगेने गेली. त्या माणसांनी नंतर डोकी फोडून घेतली, गावोगाव बहिष्कार सोसला. मुखपृष्ठावर एकच माणूस मोठा आणि बाकी ठिपके, असे चित्र काढले तर त्या हजारोंची लढाई पुसली जाते.

हे आमचे मत नव्हे, बाबासाहेबांचीच शिकवण आहे. १८ जानेवारी १९४३ रोजी पुण्यात रानडे, गांधी आणि जिना यांच्यावर बोलताना त्यांनी विभूतिपूजेवर कठोर टीका केली. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेतही राजकारणातल्या भक्तीच्या धोक्याचा इशारा दिला. भिंतीवर चित्र लावले म्हणजे विचार घरात आला, असे होत नाही. उजनीच्या पाण्यापलीकडे करमाळा तालुका. तिथल्या जेऊरच्या नागराज मंजुळे यांनी २०१३ च्या ‘फँड्री’त हेच दाखवले. डुक्कर बांधून नेणारे कुटुंब पुढून चालते आणि मागे शाळेच्या भिंतीवर आपले महापुरुष रंगवलेले असतात. भिंत रंगली, पण रस्त्यावरून जाणाऱ्याची वाट बदलली नाही.

मग चित्रकथा काढूच नये काय? काढावी, जरूर काढावी. वाट दाखवणारी उदाहरणे आहेत. २०११ मध्ये नवयान प्रकाशनाने ‘भीमायन’ काढले. लेखन श्रीविद्या नटराजन आणि एस. आनंद यांचे, चित्रे मध्य प्रदेशातल्या परधान गोंड चित्रकार दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम यांची. त्यांनी नेहमीच्या चौकटी नाकारल्या. माणसांना चौकटीत कोंडायचे नाही, हे त्यांचे म्हणणे. संवादाचे फुगेही निराळे. मायेने बोलणाऱ्याचा फुगा पक्ष्याच्या आकाराचा आणि विषारी बोलणाऱ्याच्या फुग्याला विंचवाची नांगी! यात बाबासाहेबांच्या लहानपणीचा तो प्रवास आहे. १९०१ सालचा. नीरा ओलांडली की सातारा जिल्हा लागतो. त्याच जिल्ह्यात मसूर स्टेशन. वडिलांना भेटायला गोरेगावला निघालेली मुले मसूरला उतरली. महाराची मुले आहेत हे कळताच गाडीवाले नकार देऊ लागले. दुप्पट भाडे घेऊन एक तयार झाला, पण गाडी मुलांनी हाकायची आणि तो पायी चालणार. सोबत जेवण होते, पण पाणी मिळेना, म्हणून मुले रात्रभर उपाशी आणि तहानलेली राहिली. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’मध्ये बाबासाहेबांनीच हे लिहून ठेवले आहे. या कथेत कोणी उडत येऊन पाणी देत नाही. तहान शेवटपर्यंत राहते. तीच तहान घेऊन तो मुलगा पुढे महाडला गेला. असा नायक कोणत्या कंपनीने निर्माण केला आहे?

पुनर्मुद्रण कसे करू नये आणि कसे करावे, याचा धडाही आपल्याच वाट्याला आला आहे. शंकर यांनी १९४९ मध्ये काढलेले व्यंगचित्र, संविधानाच्या गोगलगायीवर बसलेले बाबासाहेब आणि मागे चाबूक घेतलेले नेहरू, हे एनसीईआरटीच्या अकरावीच्या पुस्तकात छापले गेले होते. मे २०१२ मध्ये त्यावर वादळ उठले, संसदेत गदारोळ झाला, चित्र काढून टाकण्याचे ठरले. समाजाचा संताप रास्त होता. पुण्यात एका सल्लागाराच्या कार्यालयाची मोडतोड झाली, ती मात्र बाबासाहेबांच्या मार्गात बसत नाही. खरे उत्तर दिले ते उन्नमती श्याम सुंदर या व्यंगचित्रकाराने. १९३२ ते १९५६ या काळातली, बाबासाहेबांना हिणवणारी शंभरावर व्यंगचित्रे त्याने शोधली आणि २०१९ मध्ये पुस्तकरूपाने छापली. पण उघडीनागडी नाही. प्रत्येक चित्राशेजारी ते कोणत्या प्रसंगी काढले आणि त्यातली जात कुठे दडली आहे, हे लिहून! जुने चित्र जाळायचे नाही आणि डोक्यावरही घ्यायचे नाही. त्याला साक्षीला उभे करून उलटतपासणी घ्यायची. वेताळाच्या मुखपृष्ठांनाही हाच न्याय लावावा. कलेला दाद द्यावी, आणि मुलाला विचारावे की, बाळा, यात बसलेले कोण आणि उभे कोण?

पण सगळ्यात मोठा प्रश्न पुढेच आहे. काय पुन्हा छापले जाते आणि काय छापले जात नाही? काल्पनिक वीरांच्या जुन्या अंकांना कागद मिळतो, रंग मिळतात, गिऱ्हाईक मिळते. आणि बाबासाहेबांचे खंड? शासनाने ९ लाख प्रती छापायचे ठरवले, ५ कोटी ४५ लाखांचा कागद घेतला, आणि छापल्या गेल्या अवघ्या ३३ हजार, असे वृत्त डिसेंबर २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. मुंबई उच्च न्यायालयाला स्वतःहून दखल घ्यावी लागली. कागद गोदामात आणि वाचक रांगेत! फँटमच्या पुनर्मुद्रणासाठी कोणाला न्यायालयात जावे लागले नाही. ज्याचे पुन्हा छापले जाते, त्याचाच भूतकाळ शिल्लक राहतो. आपल्या शत्रूंना हे चांगले ठाऊक आहे. आपल्याला कधी कळणार?

शासनाशी भांडायचेच आहे. पण सगळे शासनावर टाकून चालणार नाही. आपल्या घरांतही एक छापखाना पडून आहे. जयंतीची जुनी भित्तिपत्रके, कव्वाली आणि जलशांच्या गाण्यांच्या पुस्तिका, चैत्यभूमीवरून आणि दीक्षाभूमीवरून आणलेली चार-आठ आण्यांची चरित्रे, नामांतराच्या मोर्चाची पत्रके. त्यांच्यावरही मुखपृष्ठे आहेत. कोणी साइनबोर्ड रंगवणाऱ्या आपल्याच माणसाने काढलेली. रंग भडक, हात थोडा कच्चा, पण त्यात खाली बसलेला कोणी नाही. ही चित्रे आज पत्र्याच्या पेटीत वाळवी खाते आहे. संग्राहक वेताळाच्या एका अंकासाठी वाटेल ती किंमत मोजतात, आणि आपण आपला ठेवा दिवाळीच्या साफसफाईत रद्दीवाल्याला देतो!

म्हणून बारामती आणि इंदापूर तालुक्यांतल्या बांधवांना आमची सूचना आहे. येत्या जयंतीला डीजेच्या वर्गणीतला थोडा पैसा बाजूला काढा. प्रत्येक विहारात एक दिवस जुन्या कागदांचा ठेवा. ज्याच्या घरी जे असेल ते आणावे, तिथेच मोबाईलने नीट फोटो घ्यावा, मूळ कागद ज्याचा त्याला परत द्यावा. खाली साल लिहावे, गाव लिहावे, आणि चित्र काढणाऱ्याचे नाव आठवत असेल तर आवर्जून लिहावे. भिगवणपासून नीरा नरसिंहपूरपर्यंत, सुप्यापासून वडगावपर्यंत एवढे झाले तरी एक पुस्तक उभे राहील. ते छापा. जुन्या चित्रांशेजारी चार ओळी लिहिण्याचे काम कॉलेजातल्या मुलामुलींना द्या. ज्यांच्या मोबाईलवर आज वेताळ आहे, तीच पोरे हे काम मनापासून करतील, कारण चित्र पाहायला त्यांना आवडते.

त्या पुस्तकाच्या मुखपृष्ठावर एकटा वीर नको. तळ्याकडे निघालेली रांग हवी. पुढे बाबासाहेब, आणि मागे ज्यांचा प्रत्येकाचा चेहरा ओळखू येतो अशी आपली माणसे. जय भीम!